पेटीत राहिलेली दोन रिळं

मी बावीस वर्षं फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर होतो. फिरती टॉकीज म्हणजे एक ट्रक, एक तंबू, एक कापडी पडदा आणि एक मशीन. दिवाळी झाली की आम्ही निघायचो आणि पेरणीच्या आधी घरी यायचो. चिखली तालुक्यातली गावं, मग मेहकरच्या बाजूची, आणि वर पार जळगाव जामोदपर्यंत. जिथं जत्रा असेल तिथं पंधरा दिवस, नसेल तिथं चार.

या धंद्यात मी एक लबाडी केली. एका पिक्चरमधली दोन रिळं मी तीन हंगाम दाखवली नाहीत. ही गोष्ट माझ्या बायकोला अर्धवट माहीत होती, मुलाला अजिबात नाही. बायको गेली. मुलगा छत्रपती संभाजीनगरला असतो, रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो, मी जेवलो म्हणतो. अमडापुरात दोन खोल्यांत मी एकटा राहतो. सांगायला माणूस नाही म्हणून नव्हे, पण उशीर फार झाला म्हणून लिहितो आहे.

पिक्चरचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे त्याला सगळे 'देवीचा पिक्चर' म्हणायचे. डोंगरावर देवीचं देऊळ, तिथला पुजारी, त्याचा एकुलता एक मुलगा. मुलगा नदीच्या पुरात वाहून जातो. पुजारी देवीपुढे चाळीस दिवस बसतो, अन्न घेत नाही. इथपर्यंत तेरा रिळं होतात. चौदाव्या रिळात तो उठतो आणि देवीला शिव्या देतो. पंधराव्यात देऊळ बंद करून निघून जातो. सोळावं शेवटचं.

पहिला खेळ आम्ही अमडापूरलाच लावला. लोकांनी चपला तंबूच्या बाहेर काढल्या. बायका हळदकुंकू घेऊन आल्या. पडद्याखाली कुणी तरी नारळ फोडला, त्याचं पाणी पडद्याच्या कापडावर उडालं. देवीचं पहिलं दर्शन झालं तेव्हा सगळा तंबू उभा राहिला होता. मला मशीनजवळून फक्त पाठी दिसायच्या. ऑपरेटरला माणसांची तोंडं कधी दिसत नाहीत.

चौदावं रीळ लागलं आणि गडबड झाली. पुढची माणसं ओरडायला लागली.

"बंद कर बे! हा काय पिक्चर आहे का?"

"देवीले आंधळी म्हणते तो! लाज नाही वाटत?"

"मालक कोण आहे? बोलवा त्याले!"

एक ढेकूळ पडद्यावर येऊन आदळलं. मालक तिकिटाच्या खिडकीशी होते. ते चिखलीचे, मुसलमान. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि टॉकीज हा त्यांचा शौक होता. इतकी वर्षं त्यांनी संतांचे, देवांचे किती तरी पिक्चर आणले, पूजेचा नारळ स्वतः आणून द्यायचे, आणि कुणी कधी एक शब्द बोललं नव्हतं. त्या दिवशी गर्दीतून कोणी तरी म्हणालं, "म्हणूनच!" एवढंच. मालकांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. चहा घेतला नाही.

"पेटी वापस भेज दे," ते म्हणाले. "नुकसान होते तं होऊ दे. मले याच गावाईत फिरायचं आहे, भाऊ."

हे मला नीट लिहायचं आहे, कारण पुढे बायकोला मी उलटं सांगितलं. मी तिला सांगितलं की मालकांनी कापायला लावलं. ते खोटं आहे. मालक पिक्चर परत पाठवायला निघाले होते. थांबा, मी पाहतो, असं मी म्हणालो. ते आता नाहीत. त्यांचे मुलगे दुकान चालवतात, आणि त्यांच्यातला कुणी हे वाचेल तर त्यानं वडिलांना यात धरू नये.

मी काय केलं ते सांगतो. आमच्याकडे एकच मशीन होतं, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागायचे, दोन मिनिटं लोक बिड्या ओढायचे, मग पुढचं रीळ. मधलं रीळ गेलं तर कुणाला कळणार? सोळाव्या रिळाच्या सुरुवातीला म्हाताऱ्या झालेल्या पुजाऱ्याला मुलगा आठवतो. मुलगा पायऱ्या चढत पळत येतो आणि देवळाची घंटा वाजवतो. ती आठवण आहे, हे पंधरावं रीळ पाहिलेल्याला कळतं. न पाहिलेल्याला काय दिसेल? बाप चाळीस दिवस बसला, आणि मुलगा पळत आला.

मी ब्लेडनं तिथंच पट्टी कापली. तिसऱ्या रिळात आरती होती, तिचा शेवटचा तुकडा काढून इथं जोडला, त्याला 'समाप्त' लावलं. फिल्मचा थर खरवडायचा, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा थेंब लावायचा, दाबून धरायचं. दुपारी दोन तासांत झालं. चौदावं आणि पंधरावं रीळ डबीत घालून पेटीच्या तळाशी ठेवलं. हंगाम संपला की सगळं होतं तसं जोडून पेटी अमरावतीला वितरकाकडे जायची, त्यामुळे तिकडे कधीच कळलं नाही.

मालकांनी एकदाच विचारलं, "गलत तो नहीं ना?"

"पिक्चरच तं आहे," मी म्हणालो.

त्यानंतर जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मुलगा पायऱ्या चढत आला की तंबूत हंबरडा फुटायचा. लोक दुसऱ्यांदा यायचे, बैलगाडीत म्हाताऱ्यांना घालून आणायचे. खेळ सुटला की माणसं मशीनला हात लावून कपाळाला लावायची. काही जण माझ्या पाया पडायचे. मी पाय मागे घेतले नाहीत. देव आहे की नाही याचा मी कधी फार विचार केला नव्हता, आणि देव मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांच्या उजेडात कापडावर कसा येतो हे मला रोज दिसत होतं. तरी बरं वाटायचं. खोटं का बोलू, फार बरं वाटायचं.

आम्ही उंद्रीला गेलो त्या हंगामात माझी थोरली बहीण पिक्चर पाहायला आली. तिला मी 'बाई' म्हणत आलो. तिला उंद्रीला दिली होती. एक मुलगी, एक मुलगा. मुलगा अठरा वर्षांचा होता, बापाशी भांडून सुरतेला गेला होता. कारखान्यात लागलो असं एक पत्र आलं, त्यानंतर दीड वर्ष काही नाही. बाई रोज पोस्टमनची वाट अडवायची. पोस्टमन तिला पाहून दुरूनच हात हलवायचा.

ती तीन दिवस लागोपाठ आली. तिसऱ्या दिवशी मशीनजवळ येऊन थांबली.

"त्याचा आला ना रे?" ती म्हणाली. "चाळीस दिवसांत आला."

"पिक्चर आहे बाई."

"पिक्चर कोणी मनानं काढत असते काय? कुठंतरी झालं असंन म्हणूनच काढला ना."

मी हसलो. तिनं पुढच्याच मंगळवारपासून नवस धरला. अनवाणी राहायची, गावाबाहेरच्या देवीला जायची, एक वेळ जेवायची. चाळीस दिवस झाले, मुलगा आला नाही. तिनं पुन्हा चाळीस धरले.

तिसऱ्या चाळिशीत सुरतेहून माणूस आला. शेजारच्या गावचा होता, त्याच कारखान्यात. भिंत पडून चार जण गेले, त्यांत बाईचा मुलगा होता. पत्ता कुणाला माहीत नव्हता, तिथंच उरकलं. या माणसाला काही महिन्यांनी नायलॉनची पिशवी दिसली, आत उंद्रीच्या शिंप्याचं लेबल असलेला सदरा. त्यानं ती पिशवी आणून दारात ठेवली. बाईनं सदरा उलटा करून पाहिला, घडी घातली आणि परत पिशवीत ठेवला.

"पिशवी चोरीची असंन," ती म्हणाली. "सदरा कोणीबी घालते."

माझे दाजी, म्हणजे बाईचे यजमान, तिच्याशी वाद घालून थकले. शेवटी त्यांनी आणि मी, दोघांनीच नदीवर जाऊन मुलाचा विधी केला. पिंड ठेवले. कावळा शिवेना. दोन तास आम्ही बाभळीखाली बसलो होतो. कावळे समोरच्या झाडावर होते, खाली येत नव्हते.

"तिचा जीव सोडत नाही त्याले," दाजी म्हणाले. "तुह्यं ऐकते ती. पिक्चरमधी पाह्यलं, पिक्चरमधी पाह्यलं, हेच लावून धरलं तिनं. तू सांग ना तिले, हे खोटं असते म्हणून."

मी हो म्हणालो. सांगितलं नाही. दोन रिळं माझ्या पेटीत होती. आज काढून लावली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. पण आमचा पुढचा मुक्काम ठरलेला होता, गावोगावहून बोलावणी येत होती, आणि मी माझ्या बहिणीला काय सांगणार होतो? मी लबाड आहे म्हणून? त्यापेक्षा तिला वाट पाहू द्यावी, असं मी ठरवलं. असं शब्दांत ठरवलं नाही, पण तेच ठरवलं.

मग तंबू गेले. घरोघरी टीव्ही आले, मालकांनी ट्रक विकला, मी अमडापूरच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दाजी गेले तेव्हा अग्नी मी दिला. बाई म्हणाली होती, "पोरगा येईन तेव्हा विचारंन, बापाले कोणी देल्ला? मामानं म्हणंन. मामाचं चालते." मुलीनं तिला किती वेळा पुण्याला बोलावलं. ती गेली नाही. घर बंद दिसलं तर तो परत जाईल, हे कारण. चाळीस वर्षं.

मी दर भाऊबीजेला जायचो. ती ओवाळायची. अनवाणी पायांना भेगा इतक्या की मी खाली बघायचो नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास तिच्या नातीचा, म्हणजे मुलीच्या मुलीचा, फोन आला. ती पुण्याला नोकरी करते. आनंदात होती.

"आजोबा, आजीचा तो देवीचा पिक्चर सापडला! कुणी तरी पूर्ण टाकलाय नेटवर. सुरुवातीच्या सर्टिफिकेटवर सोळा रिळं लिहिलीयत, सगळी आहेत. दिवाळीला येते तेव्हा आजीला मोबाइलवर दाखवणार. तिला आत्ताच सांगितलं, इतकी खूश झाली!"

मी फोन ठेवला. तो दिवस मी कसा काढला सांगता येत नाही. नात पिक्चर लावेल, चौदावं रीळ येईल, आणि बाई पंचाऐंशीव्या वर्षी मोबाइलवर बघेल की मुलगा येत नाही. आणि मग तिला उमजेल की हे तिच्यापासून लपवलं कुणी. तिनं ते माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. तेवढं तरी. पण दिवाळीला अजून अवकाश होता, म्हणून मी आज नको, उद्या, असं करत दसराही घालवला. दिवाळीला आठ दिवस राहिले तेव्हा सकाळच्या गाडीनं उंद्रीला गेलो.

बाई ओट्यावर बसून मूग निवडत होती.

"काऊन रे, अवचित? भाऊबीजेले येशील म्हटलं होतं."

"आलो असाच."

"असा कोणी येते काय? तोंड काऊन उतरलं तुह्यं? कोणी मेलं काय? पाणी पी आधी."

मी पाणी प्यायलो. आणि सांगितलं. ढेकूळ, मालक, ब्लेड, सगळं. मुलगा पळत येतो ती आठवण आहे हेही सांगितलं. ती मूग निवडत राहिली. सूप भरून झालं, तिनं खडे बाजूला काढले, आणि मग पहिल्यांदा वर पाहिलं.

"किती होता तो तुकडा?"

"वीसेक मिनिटं."

"त्यात तो शिव्या देते? देवीले?"

"हाव."

"कोणत्या?"

मला वाटलं नव्हतं ती हे विचारेल. "आंधळी म्हणते. दगड म्हणते. तुह्या पोटी पोरगा असता तं कळलं असतं, म्हणते. मग मूर्तीचं तोंड भिंतीकडं करते आन चालला जाते."

"मग देवी काय करते त्याले?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही. तो फिरते, मजुरी करते, म्हातारा होते. शेवटी परत येते, दार उघडते, मूर्ती सरळ करते. पोरगा नाही येत. तो तसाच देवळात बसते. मी ते कापलं."

"आन लोक उठून ओरडत होते म्हणतं ना तू."

"हो."

"सारे?"

तोवर मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. अमडापूरचा तो पहिला खेळ मी डोळ्यांपुढे आणला. पाठी. पुढच्या बाजूला पुरुष उभे, हात वर. आणि उजव्या अंगाला, दोरीपलीकडे, बायकांची जागा.

"बाया नाही," मी म्हणालो. "बाया बसून होत्या. एकबी उठली नव्हती."

बाईनं सूप खाली ठेवलं. गल्लीतून कुणी तरी शेळ्या घेऊन गेलं.

"मी देल्ल्या रे," ती म्हणाली. "पहिल्या चाळीस दिवसांतच देल्ल्या. एकविसाव्या दिवशी. गोठ्यात जाऊन, कोणी ऐकू नये म्हणून तोंडात पदर धरून. याच्यापेक्षा वाईट देल्ल्या. मंग वाटलं, त्या पुजाऱ्यानं चाळीस दिवस तोंडातून ब्र काढला नाही, त्याचा आला. मी एकवीस दिवसांत फुटली, माहा नाही आला. मीच आडवी आली माह्या पोराले. म्हणून पुन्हा धरले. प्रत्येक वेळी मनात कुठंतरी शिवी यायची, आन मी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची."

मी तिच्या पायांकडे पाहत होतो.

"वाट पाहात होती असं वाटलं तुले?" ती म्हणाली. "पोरगा गेला हे मले सदरा पाह्यला तेव्हाच समजलं होतं. तुरपाई मी घातली होती त्याले, मले नाही समजणार? पोरगा येईन म्हणाची ते लोकाईसाठी. मी माफी मागून राह्यली होती. चाळीस वर्षं. मले वाटलं, देवीले असं बोलणारी दुनियेत मी एकटीच."

मी खोट्या आशेची कबुली द्यायला गेलो होतो. तो अपराध मी इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपलो, त्याची मला सवय झाली होती. हा दुसरा मला माहीतच नव्हता. मी तिचा हात धरायला गेलो. तिनं हात काढून घेतला, रागानं नाही, सुपाकडे न्यायचा म्हणून.

"जाय आता," ती म्हणाली. "दुपारची गाडी भेटंन."

"बाई..."

"जाय म्हटलं ना."

मी आलो.

दिवाळीत नात आली, तिनं पिक्चर दाखवला. नंतर मला फोन केला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "आजोबा, आजी विचित्रच आहे. सगळा पिक्चर नाहीच पाहिला. तो शिव्यांचा भाग आहे ना, तो चार वेळा मागे घ्यायला लावला. रडली वगैरे नाही. मला म्हणाली, आवाज वाढव."

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बाईचा निरोप आला, शेजाऱ्याच्या फोनवरून. या वर्षी येऊ नको. आयुष्यात पहिल्यांदा. मी त्या दिवशी नवा सदरा घालून घरी बसून होतो. शेजारच्या घरी ओवाळण्याची गडबड चालली होती, त्यांनी ताट पाठवलं, मी झाकून ठेवलं.

पुढे महिन्यानं तिचाच फोन आला. हॅलो वगैरे काही नाही.

"मी चप्पल घेतली," ती म्हणाली. "चावते."

"बदलून आणू काय?"

"राहू दे. पाय सुजले आहेत, चप्पल चांगली आहे." मग म्हणाली, "एक सांगाले फोन केला. मले सांगून तू मोकळा झाला. पण तंबूत मी एकटीच होती काय? किती गावाईत लावला तू तो पिक्चर?"

"तीसेक असतील. तीन हंगाम."

"त्या दोरीपलीकडं किती बाया बसत होत्या? त्याईतली एखादी तरी असंन माह्यासारखी. तोंडात पदर धरून. मेली असंन नाही तं माफी मागत बसली असंन. त्याईले कोण सांगंन?"

"आता कुठं सापडतील त्या, बाई?"

"ते मले नको विचारू. तू कापलं, तू सांग."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं मला बोलावलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. यंदाची भाऊबीज यायची आहे.

मी काही गावांना जाऊन आलो. पारावर बसलो, जुनी माणसं गाठली. पुरुषांना पिक्चर आठवतो, नारळ आठवतात, पाया पडणं आठवतं. बायकांना मी परका म्हातारा काय विचारणार? एक म्हातारी सुपारी कातरत होती, तिला विचारलं, देवीचा पिक्चर आठवतो का. ती म्हणाली, "हो तं. त्या पुजाऱ्यासारखा भाव आपल्याच्यानं नाही होत बाप्पा," आणि आत निघून गेली. तिला मी हाक मारून थांबवलं नाही. जमलं नाही मला.

म्हणून लिहिलं. कुणाच्या सुनेनं, नातीनं वाचलं तर घरातल्या म्हातारीला वाचून दाखवावं. तिला पिक्चर आठवत असेल तर एवढंच सांगावं की त्या पुजाऱ्याचा भाव तिच्यापेक्षा मोठा नव्हता. त्याचा मुलगा आला नाही, आणि त्यानं देवीला शिव्या दिल्या होत्या. त्या मी कापल्या.